सेंट पँक्रसचं आवार आणि आपली टेकडी

दादाचा पुण्याहून फोन आला की गाडी हमखास वेताळ टेकडीवर येते. टेकडीतून जाणारा बालभारती–पौड फाटा रस्ता झालाच पाहिजे, असं तो म्हणतो. मी विरोध केला की ऐकवतो, "लंडनमध्ये बसून बोलायला तुझं काय जातं? त्यांना बागा परवडतात."

हे 'परवडतात' मला पटत नाही. सेंट पँक्रसच्या जुन्या चर्चच्या आवारात मी नेहमी जाते. 1860च्या दशकात मिडलँड रेल्वेनं रुळांसाठी तिथल्या दफनभूमीचा एक तुकडा घेतला, हजारो सांगाडे उकरले. देखरेखीवर होता तरुण थॉमस हार्डी, पुढे कादंबरीकार झाला तोच. उरलेली जागा 1877 साली लोकांसाठी बाग म्हणून खुली झाली, तेव्हा भोवती धूर होता, दाटीवाटीची गरीब वस्ती होती. परवडण्याचा प्रश्नच नव्हता.

काढलेले थडग्यांचे दगड इथे एका ॲशच्या झाडाभोवती उभे रचलेत, अगदी खेटून. मुळं त्यांच्या फटींतून शिरलेली. हार्डीनंच ते रचले, असं लोक सांगतात. बुरशीनं पोखरलेलं ते झाड 2022च्या डिसेंबरात कोसळलं. नंतर गेले तेव्हा एका दगडावरून बोट फिरवलं. ओलं शेवाळ, आणि खाली नावाची नुसती खाच. फार वाईट वाटलं. पण झाड गेलं म्हणून जागा मोकळी झाली, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

कारण इथला 1884चा कायदा. बंद पडलेल्या दफनभूमीवर प्रार्थनास्थळ वाढवण्यापलीकडे बांधकामाला त्यानं मनाई केली. तरीही 2002-03 मध्ये युरोपकडे जाणाऱ्या रेल्वेसाठी इथलीच जुनी दफनभूमी पुन्हा खणली गेली, हे मी दादापासून लपवत नाही. पण त्या रेल्वेसाठी संसदेला 1996 साली स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

आपल्याकडे देवराईला कुऱ्हाड लावायला माणूस देवाला भ्यायचा. टेकडीच्या पाठीशी ना तो धाक, ना असा कायदा. आराखड्यात एक रेघ ओढली की झालं.

"कोंडीत रोज मी अडकतो, तू नाही," दादा म्हणतो. खरंय. त्याला बस हवी, मेट्रो हवी, आणि लवकर हवी. पण टेकडी फोडायचीच असेल, तर विधानसभेत तिच्या नावानं कायदा आणा, आणि कुणी हात वर केला ते पुणेकरांना दिसू द्या.