मूड पाहून स्लॉट निवडल्याने पैसे वाचत नाहीत

गेले काही महिने एक लांबलचक मराठी मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या ग्रुपांवर फिरतो आहे. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, गणेशोत्सव मंडळाच्या ग्रुपवर आला, उद्यमबागेतल्या कारखान्यांच्या पोरांच्या ग्रुपवर तर कुणी ना कुणी तो पुन्हा टाकतच असतो. त्यातलं म्हणणं असं: ऑनलाइन स्लॉटमध्ये, म्हणजे बटण दाबून चित्रांची चाकं फिरवायच्या जुगारात, पैसे जातात ते चुकीचा गेम निवडल्यामुळे. थकून आलात तर कमी व्होलॅटिलिटीचा, म्हणजे कमी चढउताराचा, हलका गेम घ्या, जोशात असाल तर जॅकपॉटचा. 96 टक्के आरटीपी (खेळणाऱ्याला परत मिळणारा वाटा) बघूनच खेळा, म्हणजे शंभरातले शहाण्णव परत येतात. बजेट लहान असेल तर एक रुपयाची लाईन लावा. आधी डेमो खेळा, बोनस सोडू नका. बराच वेळ काही लागलं नसेल तर गेम बदलू नका, आता लागायची वेळ आली आहे. आणि शेवटी, गोव्यात उघड चालतं ते इथं घरात बसून खेळायला कसली भीती?

शिव्या देऊन हा मेसेज बाजूला सारता येणार नाही. कर्ज काढून खेळा असं तो कुठंच म्हणत नाही, उलट बजेट ठेवा म्हणतो. त्यामुळे जो माणूस जन्मात कधी ओसीचा, म्हणजे मटक्याचा, आकडा लावायला गेला नाही, त्यालाही हे वाचून यात काही वावगं वाटत नाही. मी लहान कारखान्यांचे हिशेब लिहितो, कामगारांची रिटर्न भरून देतो, कर्जाची कागदपत्रं जुळवून देतो. लोकांची बँक स्टेटमेंटं माझ्या टेबलावर येतात. त्यात जे दिसतं ते या मेसेजशी जुळत नाही, म्हणून हे उत्तर.

पाया आरटीपीचा आहे, तेव्हा आधी तोच बघू. "शंभरातले शहाण्णव परत." आरटीपी मोजतात ती लावलेल्या रकमेवर, तीही लाखो फिरक्यांच्या सरासरीने. तुम्ही खात्यात भरता पाचशे रुपये. लावता मात्र त्याच्या कितीतरी पट, कारण परत आलेले पैसे तुम्ही पुन्हा लावता. हिशेब सरळ आहे. एका फिरकीला दहा रुपये, मिनिटाला दहा फिरक्या. म्हणजे तासाला सहाशे फिरक्या आणि सहा हजार रुपयांची लावणी. त्याचे चार टक्के दोनशे चाळीस. पाचशे रुपये भरून बसलेल्या माणसाचे सरासरीने दोन तासांत चारशे ऐंशी गेले, तेही 96 टक्क्यांचा 'चांगला' गेम निवडून. दुसऱ्या बाजूने बघा: शंभर रुपये पूर्ण लावले, शहाण्णव आले, ते पुन्हा लावले, ब्याण्णव आले. असं करत सतराव्या फेरीला निम्मे उरतात. एका माणसाच्या एका रात्रीत ही सरासरी दिसेलच असंही नाही. कुणाचे वीस मिनिटांत संपतील, कुणी दोन हजार घेऊन उठेल आणि उद्या परत येईल.

शिवाय तो 96 चा आकडा कुणी तपासला? स्लॉट बनवणाऱ्या कित्येक कंपन्या एकच गेम दोन-तीन वेगवेगळ्या आरटीपीत देतात आणि कुठला चालवायचा ते साईटवाला ठरवतो. चित्रं तीच, गाणं तेच. जिथं परवाने आणि तपासणी आहे तिथं निदान कुणीतरी तो आकडा पडताळून बघतं. टेलिग्रामवरच्या लिंकने उघडणाऱ्या साईटला असं कुणी विचारत नाही.

आता मेसेजचा लाडका मुद्दा, मूड. इथं थोडं थांबावं लागेल.

व्होलॅटिलिटी हा फरक खरा आहे, तेवढं त्यांचं बरोबर. एका गेममध्ये छोट्या रकमा वरचेवर लागतात, दुसऱ्यात बराच वेळ काहीच नाही आणि मग एखादी मोठी. पण दोन्हींचा आरटीपी सारखा असेल तर कंपनीचा वाटाही सारखाच. बदलते ती फक्त हरण्याची चाल: एकात पैसे संथ गळतात, दुसऱ्यात धाडकन जातात. संथ गळतीला 'थकलेल्या मनासाठी योग्य' म्हणणं ही मला या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ वाटते. मन थकलेलं, खचलेलं, अपराधी असताना जुगाराकडे वळणं हे जुगाराच्या आजाराच्या निदानातलं एक लक्षण आहे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 साली काढलेल्या निदानपुस्तिकेत ते स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही जुगाराचं व्यसन आहे. डॉक्टर ज्याला धोक्याची खूण मानतात, ती हा मेसेज गेम निवडायची रीत म्हणून शिकवतो.

आणि आपल्याकडे मन थकायला कारणं काय कमी आहेत? वडगाव-शहापुरातल्या मागावर ऑर्डर कमी झाली की विणकराचा आठवडा रिकामा जातो. फाउंड्रीत भट्टीपुढे ओव्हरटाईम करून आलेल्या पोराला रात्री अकराला झोप येत नाही. अशा वेळी कमी व्होलॅटिलिटीचा गेम नेमका काय करतो, तर दर थोड्या फिरक्यांनी काहीतरी हातावर ठेवतो आणि उठू देत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी तीच कृती न थकता करत राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं त्याला सत्तर वर्षं होत आली. स्लॉट त्याच तत्त्वावर चालतो. तुमचा मूड बघून तुम्ही गेम निवडला असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात पुढचा तासभर तुमचा मूड तो गेम ठरवतो.

"बजेट लहान असेल तर एक रुपयाची लाईन." लाईन म्हणजे चित्रं जुळायची एक ओळ. स्क्रीनवर एक रुपया दिसतो हे खरं. पण त्या गेमला समजा वीस लाईनी असतील, तर बहुतेकदा बटण दाबलं की वीसच्या वीस लागतात. म्हणजे एका फिरकीला वीस रुपये. त्यातल्या एका लाईनीवर सहा रुपये लागले की नाणी उसळतात, ढोल वाजतो, मोठ्या अक्षरात 'जिंकलात' येतं. वीस गेले, सहा आले, म्हणजे चौदा रुपयांचं नुकसान. पण कान आणि डोळे सांगतात की जिंकलो. ब्रिटनच्या जुगार नियामकाने ऑक्टोबर 2021 पासून ऑनलाइन स्लॉटमध्ये असा जल्लोष बंद केला. लावलेल्या रकमेइतके किंवा त्याहून कमी परत आले तर विजयाचा आवाज आणि चित्रं दाखवायची नाहीत. दोन फिरक्यांत किमान अडीच सेकंदांचं अंतर हवं, आपोआप फिरत राहण्याची सोय बंद. 2025 मध्ये तर एका फिरकीवर किती लावायचं यालाही मर्यादा आली: पाच पौंड, आणि 18 ते 24 वयाच्या मुलांसाठी दोन पौंड. जिथं हा धंदा कायद्याने चालतो तिथल्या सरकारला एवढं करावं लागलं. चांगला गेम निवडल्याने भागत असतं तर याची गरजच पडली नसती. आपल्याकडे फिरणाऱ्या लिंकांना यातला एकही नियम लागू नाही.

डेमोबद्दल फार लिहायला नको. डेमोत पैसे तुमचे नसतात, म्हणून हात मोकळा सुटतो आणि हरलेलं टोचत नाही. ती सवय घेऊन माणूस खऱ्या पैशांवर येतो.

बोनसचा मात्र हिशेब करूनच बघा. हजार रुपये बोनस, अट तीसपट. म्हणजे काढता येण्याआधी तीस हजारांची लावणी करायची. चार टक्क्यांनी त्यातले बाराशे कंपनीकडे जाणार. हजार मिळवायला सरासरी बाराशे.

"बराच वेळ लागलं नाही, आता लागणार." ओसीचे जुने चार्ट समोर धरून उद्याचा आकडा काढणारी माणसं आपण लहानपणापासून बघत आलो, हा त्याच समजुतीचा मोबाईलवरचा अवतार. स्लॉटमध्ये प्रत्येक फिरकीचा निकाल संगणक नव्याने उचललेल्या आकड्यावरून ठरवतो. मागच्या पाचशे फिरक्या त्याच्या लक्षात नसतात. दहा हजारांत एक अशी शक्यता असेल तर पाचशे कोरड्या फिरक्यांनंतरही ती दहा हजारांत एकच राहते. तिसरं चित्र एका घराने हुकलं, 'थोडक्यात गेलं' असं वाटतं, तेही फसवं आहे. चाकं फिरतात ती आधीच ठरलेला निकाल दाखवायला. इंगे टेल्नास या अभियंत्याला 1984 साली अमेरिकेत याचंच पेटंट मिळालं: दिसणाऱ्या चाकावर घरं थोडी, आत आकड्यांचं चाक कितीतरी मोठं. त्यामुळे जॅकपॉटचं चित्र डोळ्यांपुढून सारखं जातं, पण थांबतं क्वचितच.

गोव्याचं काय? चोर्ला घाटातून पणजी गाठणं बेळगावकराला अवघड नाही, म्हणून हा मुद्दा इथं चटकन पटतो. गोव्याने 1976 चा आपला जुगारविरोधी कायदा 1992 साली दुरुस्त करून पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीनना परवानगी दिली, पुढे मांडवीतल्या जहाजांवर टेबलावरचे खेळ आले. ती परवानगी त्या राज्यातल्या त्या जागांपुरती आहे. खानापुरात बसून मोबाईलवर लावायला तिचा उपयोग नाही. काहीजण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या 14 फेब्रुवारी 2022 च्या निकालाचं नाव घेतात. तो निकाल कौशल्याच्या खेळांबद्दल होता. स्लॉटमध्ये बटण दाबण्यापलीकडे कौशल्य नाही. आणि 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या केंद्राच्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर कौशल्य की नशीब हा भेदच ठेवला नाही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. पण लिंक जोडून हा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने जाहिरातीचं कलम एकदा वाचावं.

राहिलं बजेट. मेसेजमधला हा एकच सल्ला ऐकायला निर्दोष आहे: रक्कम ठरवा आणि संपली की थांबा. एका टर्नरचं स्टेटमेंट सांगतो. घरदुरुस्तीच्या कर्जासाठी कागद घेऊन आला होता. शनिवारी पगार जमा. त्याच रात्री दहा चाळीसला दोनशे गेले, दहा बावन्नला दोनशे, अकरा वाजून पाच मिनिटांनी पाचशे, मग पुन्हा दोनशे, पुन्हा पाचशे, बाराच्या पुढे एकदम हजार. प्रत्येक वेळी यूपीआयने, दर वेळी वेगळ्याच कुणा माणसाच्या नावावर. विचारलं तर म्हणाला, "दादा, एका वेळी दोनशेच घालतो की मी. बजेटातच आहे." बेरीज करून दाखवली, सव्वीसशे. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार येतात, त्याहून जास्त एका रात्रीत गेले होते, आणि त्याने नियम मोडला असं त्याला कुठल्याच टप्प्यावर वाटलं नव्हतं. पैसे भरायला दहा सेकंद लागत असतील तर बजेट प्रत्येक फिरकीला नव्याने ठरतं.

त्या वेगवेगळ्या नावांकडेही लक्ष द्या. ही भाड्याने घेतलेली खाती असतात. जिंकलेली रक्कमही अशाच खात्यातून येते, आणि त्या खात्यात कुणा फसवलेल्या माणसाचे पैसे फिरले असतील तर पोलिसांच्या पत्रावरून तुमचंही खातं गोठतं. पगार, हप्ता, मुलाची फी सगळं अडकतं, आणि सोडवायला परराज्यातल्या सायबर ठाण्याशी पत्रव्यवहार करावा लागतो. बेकायदा साईटवरून आलेले पैसे असं त्यात लिहायची वेळ आली की माणूस गप्पच बसतो.

ज्यांच्या घरात हे सुरू झालं आहे त्यांच्यासाठी. काही बँकांच्या ॲपमध्ये यूपीआयची रोजची मर्यादा कमी करता येते. पगाराचं खातं वेगळं करून त्याला यूपीआय जोडूच नका. फसवणूक झाली असेल तर सायबर फसवणुकीच्या 1930 या सरकारी नंबरवर लवकरात लवकर फोन करा; पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता आले तरच हाती लागतात. आणि खेळणं सुटत नसेल, रात्री लपून चालू असेल, तर मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा फुकटचा सरकारी नंबर आहे. भाषा निवडता येते, त्यात मराठीही आहे. समोरासमोर डॉक्टर हवा असेल तर धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था बेळगावहून बसने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे.