तुमच्या सरांना विचारून सांगाल का?

काल रात्री साडेअकराला डेव्हलपर्सच्या ग्रुपवर एका मुलाचा मेसेज आला. रिपोर्टमधल्या काही एंट्रीज एक दिवस मागे दिसत होत्या, सकाळी क्लायंटला दाखवायचं होतं, पोरगा रडकुंडीला आलेला. मी लॉग मागवला. चुकलेल्या सगळ्या एंट्रीज रात्री बारा ते पहाटे साडेपाचमधल्या. म्हणजे सर्व्हर तारीख यूटीसीने, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने काढतोय आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. तारीख काढण्याआधी वेळ आपल्याकडची करून घे, एवढं इंग्रजीत लिहिलं. माझ्या प्रोफाइलला राजगडाचा फोटो आहे, नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं.

'थँक्यू भाऊ, वाचवलंत!' मग लगेच, 'दादा, जुन्या एंट्रीजचं काय करू?'

मी मराठीत लिहिलं, 'थांब, बघून सांगते.'

तीन-चार मिनिटं काहीच नाही. मग आलं: 'सॉरी मॅडम. तुम्ही टेस्टिंगला आहात का? हे एकदा तुमच्या सरांना विचारून कन्फर्म कराल का?'

अरे, याच उत्तराला आत्ता हात जोडलेस ना? 'सांगतो'मधला एक काना गेला आणि त्याबरोबर माझं चौदा वर्षांचं काम गेलं? रात्रभर डोक्यात तेच. कुठले सर? टीम मी चालवते!

आणि टेस्टिंगवाल्यांना तरी कमी का लेखायचं, तेही कळत नाही.

१९४६ साली एनिॲक हा सुरुवातीच्या काळातला अवाढव्य इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर अमेरिकेत जगासमोर आणला, तेव्हा त्याचे प्रोग्रॅम सहा जणींनी बसवले होते. शिकवायला कुणी नाही, मशीनच्या आकृत्या वाचून शिकल्या, तारा खोचून गणितं चालवून दाखवली. कार्यक्रमानंतरच्या जेवणाला त्यांना बोलावलंसुद्धा नाही. हे काम मुळात बायकांनी उभं केलंय हो! आणि आज आम्ही सरांना विचारून यायचं.

'भाऊ' आपल्याकडे प्रेमाने म्हणतात, मान्य. पण भाऊचा शब्द लगेच चालतो आणि ताईच्या शब्दावर सरांची सही लागते, हे कसं?

खरं सांगू, त्या पोराचा राग आता उतरलाय. नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. जीव तुटतो तो आमच्या टीममधल्या साताऱ्याच्या मुलीसाठी. एरवी तोंडात अस्सल मराठी, ग्रुपवर मात्र कायम इंग्रजी. मला वाटायचं, सवय असेल. परवा चहाला गेलो तेव्हा म्हणाली, 'ताई, 'आय विल चेक' लिहिलं की मुलगी आहे ते कळत नाही. मग नीट उत्तरं देतात.'

तेवीस वर्षांची आहे हो ती. आपल्याच भाषेतलं आपलं क्रियापद लपवून काम करतेय.

आज सकाळी त्याचा मेसेज होता, 'रिपोर्ट बरोबर आला.' बाकी काही नाही. जुन्या एंट्रीज तशाच होत्या, म्हणून स्क्रिप्ट लिहून पाठवली. खाली लिहिलं, 'आधी बॅकअप घे, मगच चालव. अडलं तर विचार. दुपारी तीनपर्यंत मी ऑनलाइन असते.'