पुस्तकातला दुष्काळ

प्रवासात पुस्तक वाचू नये, असे आमच्या हिचे ठाम मत आहे. तिचा विरोध वाचनाला नसून वाचनानंतर उद्भवणाऱ्या प्रवासाला आहे. कारण पुस्तक संपले की त्यातले गाव पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही आणि एकट्याने जाण्याची माझी तयारी नसते. भाचीच्या लग्नासाठी कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्लीला जाताना मी विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ वाचायला घेतली आणि लग्न लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी हिला नव्वद किलोमीटरवरच्या पानिपतला घेऊन गेलो. तिथल्या ‘काला अंब’ या ठिकाणी पूर्वी आंब्याचे झाड होते, आता स्मारकस्तंभ आहे. “नसलेलं झाड दाखवायला एवढ्या थंडीत आणलंत होय?” असे ती म्हणाली, आणि १४ जानेवारी १७६१ या दिवशी काय घडले ते मी सांगू लागेपर्यंत रिक्षात जाऊन बसलीसुद्धा.

मागच्या उन्हाळ्यात मंगळवेढ्याला कामानिमित्त एसटीने चार-पाच खेपा झाल्या आणि त्यात व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ तिसऱ्यांदा वाचून झाली. १९५५ सालच्या या कादंबरीतली वाडी म्हणजे आटपाडी तालुक्यातली लेंगरेवाडी, हे मला ठाऊक होते आणि आटपाडी आपल्या सांगोल्याला लागूनच आहे, हेही ठाऊक होते. रविवारी पहाटे आम्ही सोलापूर स्थानकावर हजर झालो. हिने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही बरोबर घेतले होते. चटणीची पुडी मी पिशवीत नेमकी पुस्तकावर ठेवल्यामुळे सांगोला येईपर्यंत तेल मुखपृष्ठातून पाझरून पहिल्या प्रकरणात शिरले होते. मास्तर भल्या पहाटे वाडीची वाट चालू लागतात ते पान आता उजेडाकडे धरले की आरपार दिसते.

माणदेश कसा दिसणार, हे मी मनात पक्के करून ठेवले होते. उघडे माळ, खुरटी बाभळ, मेंढरांची खांडे, घोंगडी पांघरलेले म्हातारे आणि सगळ्यावर दुष्काळाची सावली. खिडकीतून दिसू लागल्या त्या डाळिंबाच्या बागा. एक संपली की दुसरी, मध्ये शेततळे, त्यावर काळा प्लॅस्टिकचा कागद, बांधावर नवी कोरी मोटारसायकल. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी उचलून या भागात आणले आहे, हे वर्तमानपत्रात मी आनंदाने वाचले होते. प्रत्यक्षात ते पाणी माझ्या कादंबरीत शिरलेले पाहून मात्र मला फसवल्यासारखे वाटले. “किती हिरवंगार आहे हो!” असे ही कौतुकाने म्हणाली, तेव्हा मी तिच्याकडे रागाने पाहिले. दुसऱ्याच्या गावाला पाणी मिळाले म्हणून खट्टू होणारा माणूस एरवी मला भेटला असता, तर मी त्याच्याशी बोललोही नसतो.

वाडीच्या अलीकडे एका झाडाखालच्या पारावर एक म्हातारबा बसले होते. हातात मोबाईल होता आणि त्यात कीर्तन चालू होते. मी पुस्तक पुढे करून मेंढरे कुठे आहेत, असे विचारले.

“चरायला गेल्यात. सांच्याला येतील. पर तंवर थांबलासा तर यस्टी जाईल.”

“आणि जुनी घरं?”

“पडली. पोरांनी सलाबाची बांधली. का वो?”

‘का वो’ला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांची घरे पडायची राहिली असती तर मला बरे वाटले असते, हे पाहुण्याने सांगण्यासारखे नव्हे. म्हातारबांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी कीर्तन बंद केले आणि विषय बदलला.

“कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“सोलापूर.”

“म्हंजी कोटणीस डॉक्टरांचं गाव! शाळंत धडा हुता आमाला. त्येंचं घर ऱ्हायलंय म्हनं अजून. कसं हाय वो? मातीचं का दगडी?”

डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारले, एवढे मी झोपेतही सांगितले असते. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून आठवड्यातून दोनदा तरी माझी स्कूटर जाते. गावातच तर आहे, कधीही जाता येईल, या हिशेबाने मी आजवर त्याचा उंबरा ओलांडलेला नाही आणि स्कूटरवरून जाताना माझे लक्ष सिग्नलकडे असते.

“सांगा की,” ही म्हणाली. पानिपतपासूनचे सगळे व्याज त्या दोन शब्दांत वसूल झाले होते.

मी पिशवीतून घाईघाईने भाकरी काढली आणि मोठा तुकडा तोंडात टाकला. आमच्या सोलापूरच्या कडक भाकरीचा हा गुण बाहेर फारसा कोणाला माहीत नाही, की ती चावत असताना माणसाला ना बोलता येते, ना दुसऱ्याचे ऐकू येते. म्हातारबा मोबाईल मांडीवर ठेवून शांतपणे माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांना कुठलीच एसटी गाठायची नव्हती.