स्थानिकांना खोली मिळणार नाही

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताला ओल आली, म्हणून मला नारायण पेठेतल्या एका जुन्या लॉजमध्ये तीन रात्री राहावं लागलं. ओल आमच्या बाथरूमची. ती काढायची म्हणजे फरशी उखडा, वॉटरप्रूफिंग करा, मग पाणी तुंबवून झिरपतंय का बघा, आणि तोवर घरातला एकही नळ सोडू नका. बायको नाशिकला माहेरी गेली. आई चिंचवडला धाकट्याकडे. मलाही दोन्हीकडून ‘या की’ म्हणून झालं, पण त्या ‘या की’मध्ये ‘या’पेक्षा ‘की’वर जोर जास्त होता.

खरं सांगायचं तर मला लॉजच हवा होता. वयाच्या नवव्या वर्षापर्यंत मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. पुढे वाडा पडला आणि त्या जागी इमारत उठली. तेव्हापासून चाळीस वर्षं मी भेटेल त्याला दिंडी दरवाजा, चौक, कोनाडे, शिसवी खांब ऐकवत आलोय. हा लॉजही मूळचा वाडाच. म्हटलं, बाथरूमच्या निमित्ताने का होईना, पुन्हा एकदा कडीपाटाखाली झोपू.

कमानीवर ‘स्थापना १९’ एवढंच वाचता येतं. पुढचे दोन आकडे विजेच्या मीटरच्या फळीमागे गेलेत. दिंडीतून आत शिरताना मान लववावी लागते हे मी लोकांना फार कौतुकाने सांगत असे. नऊ वर्षांच्या मुलाला ती लववावी लागत नाही, हे कपाळावर टेंगूळ आल्यावर लक्षात आलं.

मॅनेजरने माझं आधार कार्ड उलटसुलट केलं.

“पत्ता पुण्याचा आहे.”

“हो.”

“मग पुण्यात कशाला राहायचंय?”

मी उत्तर जुळवेपर्यंत त्याने पेन वर केलं. पेनाच्या टोकाच्या रेषेत पाटी होती : ‘स्थानिक रहिवाशांना खोली मिळणार नाही.’ (पुण्यातल्या पाट्यांवर इतकं लिहून झालंय की मी या एकीपलीकडे जाणार नाही. बादलीवरच्या पाटीचा मोह आवरतोय.)

“अहो, बाथरूमचं काम काढलंय घरी.”

“आमच्याकडे बाथरूम कॉमन आहे.”

“चालेल.”

“तुम्हाला चालेल हो. पोलीस विचारतील ना, घर असताना हा माणूस इथे का?”

हे मात्र मी स्वतःलाही विचारायला हवं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून, वर्तमानपत्राच्या मागून आवाज आला. मालक असावेत. वय पंच्याऐंशीच्या आसपास, अंगात बंडी.

“कुठले म्हणाले?”

“कोथरूड, काका.”

“म्हणजे लकडी पुलाच्या पलीकडे. मग स्थानिक कसले? बाहेरगावचे आहेत ते. दे खोली.”

पंचवीस वर्षं या शहराच्या महापालिकेला मिळकतकर भरतोय मी. पण खोली हवी होती, त्यामुळे बाहेरगावच्या माणसाला शोभेलसं हसलो.

रजिस्टर उघडलं. कोठून आलात? कोथरूड. कोठे जाणार? कोथरूड. येण्याचे कारण? मॅनेजरने मला न विचारताच ‘बाथरूम’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि माझी सही घेतली.

जिना लाकडी, अंधारा, आणि धरायला वरून लोंबणारा दोर. माझ्या पुढे बॅग घेऊन चढणारा पोऱ्या सातव्या पायरीवर थांबला. भिंतीवर तेलरंगाची एक आडवी रेघ होती. “पुराचं पाणी,” तो म्हणाला. त्याच्या वडिलांचाही जन्म तेव्हा झाला नसेल, पण सांगितलं असं की सकाळीच ओसरलंय. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. त्या दिवशी ते इथे सातव्या पायरीपर्यंत चढलं होतं म्हणे. “तुमची खोली वर आहे. सेफ,” त्याने दिलासा दिला.

खोली बघून मी गहिवरलो. कोनाडा होता. खुंट्या होत्या. दाराला कडी-कोयंडा होता. खिडकीच्या गजांतून नदीच्या बाजूचं आभाळ दिसत होतं. आणि वर तोच, काळाभोर, तेलकट कडीपाट! मी फोटो काढून बायकोला पाठवला. तिने ‘पंखा कुठाय?’ असं विचारलं. पंखा होता, टेबलावर.

संध्याकाळी सहाला नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू झाला. गणपतीला अजून महिना होता, पण ढोलाला ते कोण सांगणार? पहिली दहा मिनिटं अंगावर काटा येतो. पुढचे तीन तास तोच काटा जागेवर उभा राहतो. टेबलावरचा पंखा ठेक्यावर सरकत सरकत कडेला आला, त्याला मी दोनदा झेलला.

साडेदहाला सामसूम झाली. दिवा मालवला, पाठ टेकली, डोळे मिटले आणि तोंडावर काहीतरी पडलं. बारीक, कोरडं. दिवा लावला तर उशीवर माती. वर कुणीतरी चालत होतं. वाड्यांत कडीपाटाच्या फळ्यांवर मातीचा थर असतो आणि त्यावर वरच्या मजल्याची जमीन. माणूस चालला की फळ्यांच्या फटीतून ती गळते. हे सगळं माझ्या व्याख्यानात कधीच आलं नव्हतं. याच पेठेत माती गणपती आहे. त्याचं नाव घेऊन कूस बदलली. वरचा माणूस पुन्हा उठला. त्याला मधुमेह असावा, कारण रात्रभरात मी त्याच्या सहा फेऱ्या मोजल्या आणि प्रत्येकीचा प्रसाद मिळाला. शेवटी छत्री उघडली आणि तिचा दांडा उशीखाली खोचून झोपलो.

सकाळी आईला फोन केला. “तेव्हा माती पडत नव्हती का गं?”

“पडायची की! मी जुनं नऊवारी बांधायचे वर, तुझ्या अंथरुणापुरतं. आठवड्याला सोडून चौकात झटकायचे. पाणी खालून, नळ एकच, सोळा बिऱ्हाडांत. तू काय, खांबाला धरून गोल फिरायचास. तुला आवडायचाच वाडा.”

पाण्याचं इथेही जुन्या परंपरेला धरूनच होतं. कॉर्पोरेशनचं पाणी पहाटे येऊन तळाच्या टाकीत पडायचं. तिथून वर न्यायला मोटार, आणि मोटारीचा खटका मॅनेजरच्या खुर्चीमागे. साडेपाचपासून जिन्यात रांग, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, “मोटार लावाऽ!” नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातलं पाणी जमिनीखालच्या नळातून, नुसत्या उताराच्या जोरावर शनिवारवाड्यापर्यंत आणलं. आणि १९६१ साली न बोलावता सातव्या पायरीपर्यंत आलेलं पाणी आता हाका मारूनही पहिल्या मजल्यावर यायला तयार नव्हतं.

रांगेत माझ्या पुढे लातूरचा एक मुलगा होता, एमपीएससीवाला. अभ्यासिका मिळाली होती, कॉट मिळेपर्यंत इथे. मागे बीडचे एक पुस्तकविक्रेते, दरवर्षी अप्पा बळवंत चौकातून माल न्यायला येणारे. मी पुण्याचाच आहे हे कळल्यावर दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काहीच बोललो नाही. दोघांनाही घरातून काढलेल्या माणसाबद्दल सहानुभूती होती. बीडच्या गृहस्थांनी मला गरम पाण्याची बादली आधी नेऊ दिली, शिवाय कुठल्या बोळातून गेलं की लक्ष्मी रस्त्याची गर्दी चुकते, तेही समजावलं. शनिवार पेठेत जन्मलेल्या मला तो बोळ माहीत नव्हता. मी मान डोलवत ऐकलं आणि तरी चुकलो.

दुसऱ्या रात्री मी जुनं नऊवारी नव्हे, पण लॉजची चादर चार खुंट्यांना बांधली. झोप उत्तम लागली. तिसऱ्या दिवशी पोऱ्या ‘काका, मोटार’ असं मलाच सांगायला लागला, कारण मॅनेजर चहाला गेल्यावर खटका कुठाय हे मला ठाऊक झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी बॅग भरली आणि प्लंबरचा फोन आला. पाणी अजून झिरपतंय, परत उखडावं लागेल, दोन दिवस द्या.

मी खाली गेलो. मॅनेजर म्हणाला, तीन दिवसांच्या वर राहायचं तर नव्याने नोंद. रजिस्टर उघडलं. नाव त्याने स्वतःच लिहिलं, कारणही. मग पुढच्या रकान्यावर पेन थांबलं.

“कोठून आलात?”

“कोठून म्हणजे? वरून. सात नंबरमधून.”

“म्हणजे नारायण पेठ,” असं म्हणत त्याने ते लिहिलं, लिहिलेलं वाचलं आणि हळूहळू मान वर करून पाटीकडे पाहिलं.

“काका,” त्याने आरामखुर्चीकडे वळून विचारलं, “हे स्थानिक झाले. काय करू?”