लिंबू, खोबरेल आणि वयनीवर आलेला आळ

‘कॅन्सरने कोणी मरत नाही, माणसं मरतात ती हलगर्जीपणाने.’ या वाक्याने सुरू होणारा मेसेज तुमच्याही फोनवर कधी ना कधी आला असेल. एका डॉक्टरच्या नावाने तो वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तीन उपाय सांगितलेले असतात. साखर पूर्ण बंद करा, म्हणजे कॅन्सरच्या पेशी उपाशी मरतील. अख्खं लिंबू गरम पाण्यात घुसळून एक ते तीन महिने अनशापोटी प्या. ते केमोपेक्षा हजार पट चांगलं, असं अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजने म्हटलंय. आणि रोज सकाळ-रात्र तीन-तीन चमचे खोबरेल तेल घ्या. शेवटी: ‘मी माझं काम केलं, आता तुम्ही पुढे पाठवा.’

जूनमध्ये, दादाचं रेडिएशन चालू असताना, हा मेसेज एकाच आठवड्यात तिघांनी वयनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, पाठवला. त्यातली एक आमची सख्खी आत्या. पाठवणाऱ्यांच्या मनात काळं नव्हतं. पण त्या मेसेजने आमच्या घरात जे झालं ते मी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय.

आधी दादाचं सांगतो. आमची देवगड तालुक्यात कलमं आहेत. मार्चअखेर, हापूस पेटीत भरताना, त्याला ‘डझन’ हा शब्द सापडेना. आंबा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला, ‘ह्या... ह्या काय ता...’ आम्हाला वाटलं ऊन लागलं, हंगामातलं जागरण. चौथ्या दिवशी पेट्यांच्या गवतावरच तो पडला, आधी उजवा हात उडायला लागला, मग सगळं अंग. कणकवलीला सीटी स्कॅन, मग एमआरआय, मग मुंबई. मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ. ऑपरेशन झालं, रिपोर्ट आला: ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड चार. मेंदूचा अतिशय वेगाने वाढणारा कॅन्सर.

पुढचे सहा आठवडे, सोमवार ते शुक्रवार, एकूण तीस वेळा रेडिएशन. सोबत रोज टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल. दादा-वयनी लालबागला गावाच्या खोलीत राहिले. गिरणीच्या काळात आमच्या आजोबांच्या पिढीने वर्गणी काढून घेतलेली ती खोली आजही गावातल्या आजारी माणसाला उपयोगी पडते.

आता साखर. या मुद्द्यात खऱ्याचा एक कण आहे, म्हणून तो सगळ्यात जास्त फसवतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा ‘पेट’ (PET) स्कॅन चालतो तो याच गुणावर. पण त्यावरून ‘साखर तोडली की गाठ उपाशी’ असं होत नाही. चहातली साखर बंद केली तरी भात, भाकरी, आंबोळी, सगळ्याचं शेवटी ग्लुकोजच होतं. तेही बंद केलं तर यकृत स्वतः ग्लुकोज बनवतं, कारण मेंदूला ते लागतंच. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण एकूण ऊर्जेतला वीस टक्क्यांच्या आसपास. रक्तातली साखर गाठीपुरती तोडता येत नाही. उपाशी राहतो तो माणूस.

आणि राहिला. वयनीने मेसेज वाचून साखर तर तोडलीच, वर भात आणि पेजही बंद केली. दादाला स्टिरॉइड चालू होतं, मेंदूची सूज उतरवायला डेक्सामिथासोन. त्याने भूक खवळते. सकाळी सहाला उठून तो म्हणायचा, ‘माका पेज घाल गे,’ आणि ती त्याच्यापुढे काकडी कापून ठेवायची, तोंड फिरवून. नवऱ्याला उपाशी ठेवायला तिला काय होत असेल? पण तिला वाटत होतं की ती गाठीला उपाशी ठेवतेय.

आठ दिवसांनी ते उघडकीला आलं कशामुळे, तर मास्कमुळे. रेडिएशनच्या आधी पेशंटच्या चेहऱ्याचा साचा घेतात. प्लास्टिकची जाळीदार पाटी गरम पाण्यात बुडवून मऊ करतात, ओली-कोमट असतानाच चेहऱ्यावर ताणून बसवतात, थोड्या वेळात ती कडक होते. मग रोज तोच मास्क घालून डोकं टेबलाला पक्कं करतात, म्हणजे किरण रोज त्याच जागी पडावेत. मास्क काढल्यावर दादाच्या कपाळावर आणि गालांवर जाळीची चौकट उमटलेली असायची, लालबागला पोचेपर्यंत ती दिसायची. त्या दिवशी टेक्निशियन म्हणाला, मास्क सैल झालाय, डोकं हलतंय. वजन केलं तर चार किलो उतरलेलं. नवा मास्क, नव्याने प्लॅनिंग, आणि ज्या उपचारात विनाकारण एक दिवसही चुकवू नका असं बजावलेलं असतं त्यात दोन दिवस गेले.

साखरेवर लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनीही सांगितलं होतं. पण त्याचं कारण स्टिरॉइड. त्याने रक्तातली साखर चढते. म्हणून तपासायची, गरज पडली तर गोळी, चहा कमी गोड. पेज बंद करायला कोणी सांगितलं नव्हतं. किटोजेनिक आहारावर (भात-भाकरी अगदी कमी, तेल-तूप जास्त) मेंदूच्या गाठींच्या संदर्भात संशोधन चालू आहे हेही खरं. ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या नजरेखाली, उपचारांच्या जोडीने करतात. उपचारांच्या जागी त्याला कोणी बसवलेलं नाही.

लिंबू ‘केमोपेक्षा हजार पट’. कशाच्या हजार पट? कोणत्या केमोच्या, कोणत्या कॅन्सरमध्ये, किती पेशंटमध्ये? मेसेजमध्ये यातलं काही नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी मारायला खूप गोष्टी पुरतात, फिनेलही पुरेल. मेंदूपर्यंत पोचणं ही वेगळी परीक्षा आहे. मेंदूच्या रक्तवाहिन्यांना एक राखण असते, रक्तातलं वाटेल ते ती आत सोडत नाही. केमोची कितीतरी औषधं तिथेच अडतात. टेमोझोलोमाइड वापरतात ते त्याचा रेणू लहान असून बऱ्यापैकी आत जातो म्हणून.

त्याचा उपयोग किती, हे मोजलेलं आहे. २००५ साली युरोप आणि कॅनडातल्या संस्थांच्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात ५७३ पेशंट होते. फक्त रेडिएशन घेतलेल्यांपैकी दोन वर्षांनी सुमारे १० टक्के हयात होते, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के. जगण्याचा काळ सरासरीच्या हिशोबात (नेमकं म्हणायचं तर मध्यक, म्हणजे निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले) १२.१ महिन्यांवरून १४.६ महिने झाला. हे आकडे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितले तेव्हा मला खुर्ची धरावी लागली होती. पण त्यात खोटं काही नव्हतं. हाच उपचार आजही जगभर पाया धरून दिला जातो. ‘हजार पट’ असं काही खरंच लिंबात असतं, तर ते आम्हाला मेसेजमधून कळायची वेळ आली नसती.

शिवाय अनशापोटी लिंबू कोणाला पाजायचं? स्टिरॉइडने पोटात आधीच जळजळ असते, त्याची गोळी काहीतरी खाल्ल्यावरच घ्यायची असते. टेमोझोलोमाइड उलट रिकाम्या पोटी, त्याआधी उलटी थांबवणारी गोळी, आणि कॅप्सूल उलटून पडली तर त्या दिवशी दुसरी घ्यायची नाही. वयनीने हे वेळापत्रक कॅलेंडरच्या मागे लिहून भिंतीला लावलं होतं. त्यात सकाळी सहाला आंबट गरम पाणी घुसडलं की सगळं ढासळतं. दोन दिवस ढासळलंच. जेवताना भातावर लिंबू पिळा, कोण अडवतंय.

खोबरेलाबद्दल मी फार लिहीत नाही. आपण किनाऱ्यावरची माणसं. ओलं खोबरं वाटल्याशिवाय आमच्याकडे आमटी होत नाही, सोलकढी आहे, घाण्याचं तेल घरात असतं. दादाच्या दारात सोळा माड आहेत. खोबऱ्याने कॅन्सर थांबत असता तर दहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत तो कुणाला झाला नसता, आणि सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या नाहीतर मुंबईत परळच्या हॉस्पिटलला जाणाऱ्या गाड्यांत इतके फाइलवाले दिसले नसते. केरळात तर स्वयंपाकच खोबरेलात होतो. तिथेही तिरुवनंतपुरमला मोठं कॅन्सर केंद्र उभारावं लागलं. खोबरेल हे अन्न आहे. चमचे मोजून प्यायलं तर बहुतेकांचं पोट बिघडतं, आणि कॅप्सूल चालू असलेल्या माणसाला जुलाब परवडत नाहीत.

आता ते पहिलं वाक्य. ‘हलगर्जीपणाने.’

लिंबू-खोबरेलापेक्षा मला या शब्दाची चीड आहे. नव्या मास्कच्या दिवशी रात्री वयनीचा फोन आला. ‘भावोजी, माझा खय चुकला?’ जेवणात काय घातलं, मार्चमध्ये चार दिवस थांबलो ते, दादा फोन कानाला लावून झोपायचा ते, आंब्यावरच्या फवारण्या, लग्नानंतरच्या एकोणीस वर्षांतलं सगळं ती उकरत होती. नवऱ्याच्या आजाराचं ओझं तिच्या डोक्यावर होतंच, त्यावर या मेसेजने आरोपीचा शिक्का मारला.

ग्लायोब्लास्टोमा बहुतेक पेशंटना का होतो हे वैद्यकशास्त्राला सांगता आलेलं नाही. पूर्वी कधी डोक्याला मोठ्या मात्रेत दिलेलं रेडिएशन आणि काही दुर्मीळ आनुवंशिक विकार, एवढीच कारणं पक्की धरली जातात. जेवणाने होतो असं सिद्ध नाही. मोबाइलचंही तसंच: २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘कॅन्सरची शक्यता असू शकते’ अशा गटात टाकलं होतं, पण २०२४ मध्ये संघटनेनेच करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध आढळला नाही. आणि ही गाठ दिसते त्यापेक्षा आत पसरलेली असते, मुळांसारखी, म्हणून उत्तम ऑपरेशन होऊनही उलटते. तुमच्या घरातलं माणूस यात गेलं असेल, तर ते तुमच्या हलगर्जीपणाने गेलं नाही. हे मी जितक्या स्पष्ट शब्दांत लिहिता येईल तितक्या स्पष्ट लिहितोय.

सावध राहायच्या गोष्टी आहेत, पण त्या मेसेजमध्ये नाहीत. फिटची गोळी एक वेळही चुकवायची नाही. स्टिरॉइड बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही. शरीराची स्वतःचं स्टिरॉइड बनवणारी यंत्रणा तोवर सुस्तावलेली असते, माणूस कोसळू शकतो. केमो चालू असताना ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही. सांगितलेल्या तारखेला रक्त तपासायचं, प्लेटलेट्स उतरतात. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, चप्पल आणि कांदा हुंगवत बसायचं नाही. घड्याळ बघायचं, आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर उचलून हॉस्पिटल. त्या पहिल्या दिवशी आम्ही चप्पलच हुंगवली होती.

अजून एक. रेडिएशन संपल्यावरचा पहिला एमआरआय कधीकधी आधीपेक्षा वाईट दिसतो. पहिल्या तीन महिन्यांत उपचारांचीच सूज गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. ऑगस्टमध्ये दादाचं तसंच झालं. डॉक्टर म्हणाले, थांबू, दोन महिन्यांनी परत बघू. ते दोन महिने घर पोखरतात, आणि नेमका तेव्हा हाच मेसेज पुन्हा आला. या वेळी वयनीने तो मला दाखवला आणि पुसून टाकला. ऑक्टोबरच्या एमआरआयमध्ये तो भाग ओसरलेला होता.

राहिलं ‘पुढे पाठवा’. पाठवायचंच असेल तर असं काही पाठवा: कॅन्सर पेशंटला उपचारांसाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के, हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म लागतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणतं हॉस्पिटल आहे ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलातल्या मदतनीसाला, विचारून सांगा. नाहीतर स्वतः या. रांगेत अर्धा दिवस उभं राहा म्हणजे सोबतची बाई झोपेल. पेशंटशी बोला. त्याला शब्द सापडत नसले तरी तो सगळं ऐकतो. त्याच्यादेखत ‘किती दिवस म्हणालेत?’ असं विचारू नका.

आता कलमांना मोहर धरलाय. दादाच्या कॅप्सूलचा महिन्यातून पाच दिवसांचा फेरा चालू आहे. बागेत जातो, फांदी वाकवून मोहर बघतो, फवारणीचं मला बोटांनी सांगतो. उद्या मांडवी एक्स्प्रेसने कणकवलीहून निघायचंय, परवा एमआरआय. आत्या आज संध्याकाळीच आली, मुलांच्या शाळेचं बघायला. चार दिवस राहते म्हणालीय. आत्ता ती चुलीशी बसून दादाची पेज ढवळतेय.