इलिप्सचं केंद्र ‘अर्धं करा, चिन्ह बदला’ने मिळत नाही

इंदूरच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर सध्या इलिप्सबद्दल, म्हणजे लंबवर्तुळाबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘इलिप्सचं केंद्र काढायला पूर्ण वर्ग करत बसू नका. क्ष आणि य यांचे सहगुणक अर्धे करा, चिन्ह बदला, झालं. ही आपली प्राचीन युक्ती. पूर्ण वर्गाची कटकट पाश्चात्त्यांची. केंद्र मिळालं की गणित सुटलं.’ अकरावीची मुलं हे पाठ करून शिकवणीला येऊ लागली आहेत, म्हणून लिहितोय.

मेसेजमधलं उदाहरण आहे क्ष² + य² − ४क्ष + ६य − ३ = ०, केंद्र (२, −३). उत्तर बरोबर, पण हे वर्तुळ आहे! क्ष² आणि य² या दोघांचाही सहगुणक १, म्हणून युक्ती चालली. आता खरा इलिप्स घ्या: ४क्ष² + ९य² − १६क्ष + ५४य + ६१ = ०. युक्तीने केंद्र येतं (८, −२७). आलेख काढून बघा. क्ष −१ ते ५ आणि य −५ ते −१, एवढ्यातच सगळी आकृती मावते. तिचं केंद्र तिच्याबाहेर इतक्या लांब कसं असेल?

रीतीने, म्हणजे पूर्ण वर्ग करून, सोडवू. आधी ४ आणि ९ बाहेर काढा: ४(क्ष² − ४क्ष) + ९(य² + ६य) = −६१. मग कंसांत अर्ध्याचा वर्ग मिळवा, पहिल्यात ४, दुसऱ्यात ९. बहुतेक मुलं इथेच घसरतात, उजवीकडेही ४ आणि ९च मिळवतात. कंसाबाहेरचा गुणक विसरायचा नाही: उजवीकडे ४ × ४ = १६ आणि ९ × ९ = ८१ जातात. −६१ + १६ + ८१ = ३६. म्हणजे ४(क्ष − २)² + ९(य + ३)² = ३६. केंद्र (२, −३), अर्धअक्ष ३ आणि २. अर्धं करायचंच असतं, पण सहगुणक बाहेर काढल्यावर.

‘प्राचीन युक्ती’चं म्हणाल तर गोष्ट नेमकी उलटी आहे. वर्गसमीकरण सोडवायच्या ज्या सूत्राला इथली हिंदी माध्यमाची मुलं श्रीधराचार्य सूत्र म्हणतात, त्याच्या मुळाशी पूर्ण वर्गच आहे. दोन्ही बाजूंना वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, ही श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘बीजगणिता’त दिली आहे.

आणि केंद्र मिळालं म्हणून गणित सुटत नाही. ६१च्या जागी ९७ ठेवा, उजवीकडे ० उरतो आणि इलिप्सऐवजी एकच बिंदू मिळतो. १०० ठेवा, −३ येतात. वर्गांची बेरीज ऋण होत नाही, म्हणून कागदावर काहीच उमटत नाही. जेईई मेनमध्ये चुकीच्या पर्यायाला १ गुण कापतात, तेव्हा हा फरक महागात पडतो.

कोणी म्हणेल, अवकलनाने (डिफरन्सिएशनने) केंद्र झटकन मिळतं. खरंच मिळतं: ८क्ष − १६ = ० आणि १८य + ५४ = ०. पडताळ्यासाठी मुलांना हे जरूर शिकवा. पण अवकलनात स्थिरपद गळून जातं. ६१, ९७, १००, काहीही असो, उत्तर (२, −३)च येणार. समोर इलिप्स आहे, बिंदू आहे की काहीच नाही, हे नुसत्या केंद्रावरून कळत नाही, पूर्ण वर्ग केल्यावर कळतं.