खुलासा: सहा महिन्यांनी घटस्फोट ‘आपोआप’ होत नाही

‘संमतीचा अर्ज एकदा टाकला की ६ महिन्यांनी घटस्फोट आपोआप होतो, नंतर मन बदललं तरी उपयोग नाही,’ असा मेसेज फिरतोय. साफ चूक. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब नुसार ६ महिन्यांनंतर दोघांनी मिळून पुन्हा कोर्टापुढे मागणी करावी लागते. हुकूमनामा (घटस्फोटाचा अंतिम आदेश) होईपर्यंत एकट्यालाही संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. समेट झाला असेल तर दोघांच्या सह्यांची पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) द्यायची: ‘आमचं जुळलं आहे, अर्ज काढून घेतो.’ चार ओळी पुरतात. नुसतं तारखेला गैरहजर राहू नका. आणि पोटगीचा वेगळा अर्ज चालू असेल (बरेचजण तो विसरतात), तर तिथे स्वतंत्र पुरसिस लागते.